वाळूत रोवलेली काडी

सिंधुबाईला समुद्र बघायचा होता, वाळू नव्हे. पण अहमदपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या तिच्या लेकाने, दयानंदने, कोकणात खाडीच्या तोंडावरच्या एका वाळूच्या बेटावर मुक्काम ठरवला आणि आईला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गाडीतच बसली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

होडीतून उतरताना पाय वाळूत रुतले आणि सिंधुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. चहूकडे पाणी, मधे वाळू. वाळूवर तंबू, तंबूत पलंग, पलंगावर पांढरीशुभ्र चादर, आणि वर गरगर फिरणारा पंखा.

"वाळूत पंखा?" ती म्हणाली. सून शिल्पा हसली. सिंधुबाई हसली नाही.

तिचं माहेर नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठी. उन्हाळ्यात नदी आटली की तिचे वडील पात्रातल्या वाळूवर टरबुजांची वाडी करत आणि सगळं घर तिथंच खोपीत राही. अशाच एका लख्ख दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पाण्याचा लोंढा आला. वर कुठंतरी वळीव कोसळला होता. खोपीत झोपलेला धाकटा भाऊ रामकिशन गेला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून त्या घराचा नेम झाला. वाळूवर पाऊल ठेवलं की पाण्याच्या कडेला काडी रोवायची, तिला चिंधी बांधायची. चिंधी भिजली की कुणाला विचारायचं नाही, सामानाकडे बघायचं नाही, लेकरू उचलायचं आणि काठ गाठायचा.

सिंधुबाईने इथंही काडी रोवली, चांगली हातभर खोल. रुमालाची पट्टी फाडून तिला बांधली. सगळे जेवले. दयानंद पंख्याखाली घोरू लागला. नात सृष्टी काडीशेजारी बसून वाळूचं घर बांधत होती.

थोड्या वेळाने सिंधुबाईने पाहिलं, तर वाळूचं घर विरघळत होतं आणि चिंधी पाण्यात होती. आभाळ निरभ्र होतं. अगदी तसंच.

साठी उलटलेली, गुडघे धरून चालणारी ती बाई नातीला काखेत मारून धावली. "दया, ऊठ. पाणी आलं. ऊठ लेकरा, पाणी आलं." त्याला ढकलत, सुनेला ओढत तिने होडी गाठली आणि आत बसकण मारली. होडी तर दोरीने बांधलेली. तंबूवाला पळत आला.

"आजी, भरती आहे ही. रोजच येते. सांजेला जाईल."

"पाणी काय सांगून येतं व्हय?"

"इथलं येतं, आजी. जातंही सांगून."

असल्या थापांवर विश्वास ठेवायला सिंधुबाई काही दूधखुळी नव्हती. तिने सृष्टीला मांडीवर असं आवळून धरलं की पोर रडकुंडीला आली. हसायला जमलेली शेजारच्या तंबूतली माणसं तिचा चेहरा पाहून मागे सरली.

दयानंद मान खाली घालून उभा होता. दर वर्षी तो फळ्यावर चंद्र काढून भरती-ओहोटी शिकवायचा. ती आपल्या मायला सांगायची असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तोही होडीत चढून तिच्याजवळ बसला.

"चुकलं माझं, माय," तो म्हणाला. तिचं लक्ष पाण्यावर होतं.

उन्हं कलली तसं पाणी हटू लागलं. आधी काडीचं टोक दिसलं, मग चिंधी, मग सगळी काडी, रोवली होती तिथंच, ताठ उभी. सिंधुबाई दुपारी भ्याली नसेल एवढी आता चरकली. ती होडीतून उतरली, काडीपाशी गेली, तिला हात लावून बघितलं.

"सगळं माघारी गेलं?"

"हाव, माय."

"एवढं आलं अन् काडी बी नेली न्हाई?"

ती ओल्या वाळूत मटकन बसली. रामकिशन गेला तेव्हा वडलांनी घरात कुणाला रडू दिलं नव्हतं. आता ती नातीसमोर, सुनेसमोर, परक्या माणसांसमोर मोठ्याने रडली. दयानंदने तिचा हात धरला, तेव्हा ती पाण्याकडे बघतच म्हणाली,

"आमची खोपी हितं असती तर रामकिशन निस्ता भिजला असता रे."