मुंबईचा चंद्र, पेडगावचा उपास

पेडगावात संकष्टी चतुर्थीचा उपास चंद्र उगवला म्हणून सुटत नसे. किशनराव बोलले म्हणून सुटे. मारुतीच्या पारावर भोंग्याचा माईक धरून ते उभे राहत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, आणि कॅलेंडरात छापलेली वेळ झाली की घसा खाकरून सांगत, "चंद्रोदय झालेला हाय. मायबहिणींनी उपास सोडावा." हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. पण सारी उमर बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर पुकारायला चंद्र तेवढा उरला होता.

एखाद्या बाईनं भोंग्याआधी घास घेतल्याचं कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला पारावर ऐकून घ्यावं लागे. "छापलेलं खोटं असतंय व्हय?" आणि गंमत म्हणजे छापलेलं खरं निघे. पाराच्या उगवतीला दाट चिंचा आहेत. चंद्र त्यांच्या शेंड्यावर जवळजवळ कॅलेंडरच्या वेळेलाच डोकं काढी. मग किशनरावांची मान आणखी ताठ होई.

त्यांचं घर मात्र गावाबाहेर, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवर. तिथं ओट्यापुढं सपाट वावर, उगवतीला आडोसा म्हणून नाही. बायको केशरबाई ओट्यावर बसून भोंगा ऐकत आणि मगच ताटाला हात लावत. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं, तर म्हणत, "गोळी घेते की रोज." गोळीही घेत आणि कडक उपासही धरत.

मागच्या हिवाळ्यातल्या चतुर्थीला सुनेचा, दैवशालाचा, पारावर फोन आला. "मामा, आत्याला गरगरायलंय. लय घाम सुटलाय. अजून किती टाइम हाय?"

किशनरावांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं सबर करा म्हणावं. चंद्र निघायचाय."

'तिच्या तोंडात साखर घाल' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो! पण भोवती चार माणसं ऐकत होती, आणि पुकारणाऱ्याच्याच घरी उपास आधी सुटला असं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं.

ठरल्या वेळी भोंगा वाजला. तोवर केशरबाई ओट्यावरून खाली कोसळल्या होत्या. शुद्धीवर आल्या त्या परभणीच्या दवाखान्यात, खुबा मोडलेला. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी गोळीनं साखर एकदम उतरली; थोडं आधी काही पोटात गेलं असतं तर पडल्या नसत्या. ऑपरेशन झालं, पण पायावर भार काही घेता येईना. गाव म्हणालं, नशीब. किशनरावही म्हणाले, नशीब. नशिबाला बोल लावला की माणसाला झोप बरी लागते.

ती झोप मुलीनं उडवली. राजेश्री जिंतूरला शाळेत भूगोल शिकवते. आईला बघायला आली, तेव्हा वडील कॅलेंडरात पुढच्या चतुर्थीला गोल करत बसले होते. ती सहज म्हणाली, "अण्णा, ही वेळ मुंबईची हाय. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय बघा."

"मुंबईचा चंद्र येगळा हाय का?"

"चंद्र एकच. पण पृथ्वी फिरायलीय मावळतीकडून उगवतीकडं. चारीला पाणी सुटलं की आधी वरच्याच्या वावरात जातंय, मग खालच्याच्या. तसा चंद्र उगवतीकडच्या गावाला आधी दिसतोय. आपण मुंबईच्या चार रेखांश उगवतीला. एका रेखांशाला चार मिनिटं धरा. म्हणजे आपल्याकडं चंद्र पाव तास आधीच निघतोय. घड्याळ सगळ्या देशाचं एक ठेवलंय ते सोयीसाठी. उगवणं-मावळणं ज्याच्या त्याच्या गावाचं."

"मग पारावरून बरोबर टायमाला कसा दिसतोय?"

"चिंचा आड येत्यात, अण्णा," म्हणून ती हसत चहा ठेवायला गेली.

किशनराव बोट त्या गोलावरच ठेवून बसले. म्हणजे फोन आला तेव्हा आखाड्यावर चंद्र वर आला होता. केशरबाईचा उपास संपला होता. तो संपू दिला नाही, तो त्यांनी. नशिबाचा त्यात काडीइतका हात नव्हता.

तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना. बायकोचे पाय चेपून देत, पाणी हातात नेऊन देत, पण नजरेला नजर देत नसत. "एवढं कशाला करायलाव?" केशरबाई विचारत. ते तांब्या भरायला उठून जात. सांगावं तर बायको काय म्हणेल, आणि न सांगावं तर तिच्या सेवेचं पुण्य फुकटचं पदरात पडतंय. दोन्ही पचत नव्हतं.

पुढची चतुर्थी आली. आता केशरबाई दूध-फळं घेत, पण जेवण चंद्र बघूनच करायचं, हा हट्ट कायम. किशनराव पारावर गेलेच नाहीत. सुनेला हाताशी घेऊन त्यांनी बायकोची बाज अंगणात आणली, तोंड उगवतीकडे करून. काही वेळानं वावराच्या टोकाला तांबूस कड निघाली. गावात भोंगा गप्प होता.

"मी तुला पाडलं," किशनराव म्हणाले. मग थांबता येईना. मुंबईची वेळ, चिंचा, फोन, पारावरची चार माणसं, सगळं सांगून टाकलं. "चंद्र तवाच निघाला होता. मी तुला उगंच उपाशी बसवलं."

केशरबाई चंद्राकडेच बघत होत्या. "म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "इथंच बसले होते की. चांगला हातभर वर आला होता."

"दिसला होता? मग सोडला का न्हाईस?"

"तुमी अजून बोलले नव्हते."

रागानं म्हणाल्या असत्या तर किशनरावांना बरं वाटलं असतं. पण त्या साधंच सांगत होत्या, रोजचं काहीतरी सांगावं तसं.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पारावरून होता, बाया ताटं वाढून बसल्यात, भोंगा कधी वाजणार म्हणून.

"चंद्र निघालाय म्हणून सांगा," किशनराव म्हणाले. "आन् इथून पुढं माझी वाट बघू नका म्हणावं."