चार सड आणि एक रेडकू

माणसांच्या दवाखान्यात रोगी स्वतः बोलतो. गुरांच्या दवाखान्यात मालक बोलतो, आणि किस्से तिथेच सुरू होतात! जामसंड्याजवळच्या अशाच एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचो. औषधांचा स्टॉक दर दोन महिन्यांनी संपायचा, किश्श्यांचा कधी संपला नाही.

आमचे डॉक्टर घाटावरचे, नवे. आणि आमचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे तातू. एक म्हैस, बाजारातल्या दोन हॉटेलांना दूध. शेत नाही, त्यामुळे जोताला रेडा नको. म्हशीला पारडी झाली तर जगायची. नर रेडकू झालं तर महिन्याभरात 'आपोआप' मरायचं.

त्या रेडकांकडे बघून मला घास जात नसे. पण बोलणार काय? माझा चहाही त्याच दुधाचा!

*

डॉक्टर पहिल्यांदाच तातूच्या गोठ्यात गेले. आत काळोख. म्हशीच्या तोंडापुढे रेडकू उभं.

डॉक्टरांनी मायेनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, शेपूट उचललं, थर्मामीटर लावलं. दोन मिनिटं थांबले. पारा हलेना! झटकून पुन्हा लावलं.

तातू अदबीनं म्हणाला, "सायबानू, ह्यां गेल्या वर्साचां."

मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून उभं केलं होतं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

डॉक्टर थर्मामीटर पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षीचं मात्र मला गरम पाहिजे!"

*

मग डॉक्टरांनी देवळात सभा घेतली. पहिला चीक वासराचा, तो मिळाला नाही तर वासरू जगणं कठीण, हे तासभर समजावलं. लोकांना भाषण फार आवडलं.

इतकं आवडलं, की त्यानंतर ज्याची ज्याची गाय-म्हैस व्याली, त्यानं त्यानं डॉक्टरांना खरवस आणून दिला! तातूनंही आणला. त्याच्या म्हशीला पुन्हा नर रेडकू झालं होतं.

"अहो, हा त्या रेडकाचा वाटा!" डॉक्टर ओरडले.

"आता गूळ घातलंय, सायबानू," तातू म्हणाला. "रेडकाक सोसाचो नाय."

*

आठ दिवसांनी तातू त्या रेडकाला खांद्यावर घालून आला. नुसत्या बरगड्या.

"दूध किती पाजता?"

"पाजतंय मा. म्हशीक पान्हो फुटापर्यंत."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर स्वतःच्या रतिबाचं दूध बाटलीत भरून रोज सकाळी सायकलवरून तातूच्या गोठ्यात! मला म्हणाले, "कंपाउंडर, हे मेलं तर मी बदली मागणार."

ते विनोद करत नव्हते. मी पहिल्यांदाच त्या माणसासाठी देवाला हात जोडले.

*

शेवटी वाद एका गोष्टीवर येऊन ठेपला. डॉक्टर म्हणत, म्हशीचे चार सड, त्यातले दोन रेडकाला सोड. तातू म्हणे, एक. दोघंही हटेनात.

"तुमी नको, मी नको," तातू म्हणाला. "देवाक इचारूया."

म्हणजे कौल लावायचा. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरतं. डॉक्टरही तयार झाले. काय करणार!

सारा गाव देवळात जमला. रेडकू पायरीपाशी डॉक्टरांना टेकून उभं.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तातून एक सड सोडूचो आसात, तर उजवो कौल दी!"

"होय म्हाराजा!" गाव ओरडला.

"दोन सोडूचे आसात, तर डावो दी!"

"होय म्हाराजा!"

बराच वेळ काहीच हललं नाही. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या!

गुरवाच्या उभ्या हयातीत असं झालं नव्हतं. सगळे तातूकडे बघायला लागले. तातूनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि हात जोडून रडवेल्या आवाजात म्हणाला,

"एक आणि दोन... तीन? मगे म्हाराजा, माका एकच?"

आणि सवयीनं सारा गाव एका सुरात ओरडला, "होय म्हाराजा!"