जितकं निघालं तितकंच

गाडीचा गियरबॉक्स संपला, असं मला गोंदियातल्या ज्या गॅरेजवाल्याने सांगितलं, त्याच्याशी मी त्यानंतर एकदाच बोललो आहे. बारा वर्षं माझे दोन्ही टेम्पो त्याच्याकडे जात होते. सायकलवर राइस मिलचा कोंडा वाहण्यापासून मी धंदा सुरू केला, आता कोंड्याचं दुकान आहे. माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. इथे चुकलो, म्हणून राग जास्त.

ही गाडी म्हणजे घरची जुनी कार, बिनाक्लचची, ऑटोमॅटिक. ती बायकोसाठी घेतली होती. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला क्लच दाबता येत नाही. तिची आई नवेगाव बांध या गावी एकटी असते आणि बायको दर रविवारी स्वतः गाडी चालवत तिकडे जाते. गाडी गेली तर तिला माझ्या सवडीची वाट बघावी लागणार. माझी सवड काय असते, ते तिला चांगलं माहीत आहे.

उन्हाळ्यात गाडी त्रास द्यायला लागली. गियर टाकला की जागेवरच उभी राहायची, मग झटका देऊन निघायची. गरम झाली की इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही. गॅरेजवाल्याने इंजिन बंद करून गियरबॉक्समधलं तेल बघायची पट्टी ओढली, पुसली, परत बघितली.

"तेल तो फुल है सेठ. गियरबॉक्स ही गया. बनवाओगे तो गाडी से महंगा पडेगा. निकाल दो."

त्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईक दारात उभं. गाडी विकायचं मी अजून बायकोलाही बोललो नव्हतो. मी त्याला चहा पाजला, अर्धा तास घासाघीस केली, आणि बोलता बोलता काढून घेतलं की तो गॅरेजवाल्याचा साडू आहे. रिकामा कप उचलायच्या आधीच त्याला फाटकाबाहेर काढलं.

दुसऱ्या रविवारी गाडी गोंदियाजवळच्या दवनीवाड्याला नेली. तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माझा जुना मिस्त्री आहे, त्याच्याकडे गाडीखाली उतरायला खड्डा आहे. बायकोही आली, गाडीचं पुस्तक घेऊन. पुस्तकात लिहिलेलं तेल मी आदल्या दिवशीच सीलबंद आणलं होतं. दुकानदार दुसरंच खपवत होता, "सब एक ही है" म्हणत. सगळं एकच असतं तर डबे दहा तऱ्हेचे कशाला ठेवतोस, असं विचारल्यावर त्याने पुस्तकातलाच डबा काढून दिला.

मिस्त्रीने खालचा बोल्ट काढला. मूळचं लाल तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं होऊन पडलं, जळका वास आला. मी ते मापाच्या भांड्यात धरलं. साडेतीन लिटर. पुस्तकात तर जवळजवळ दुप्पट लिहिलेलं.

"बाकीचं कुठं गेलं?" मी विचारलं.

"आतच राह्यते भाऊ. एका टायमात सारं नाही निघत."

मग मी माझ्या धंद्याचा नियम लावला: जितकं निघालं तितकंच भरायचं, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. तेल गाळायची जाळी बदलली, बोल्ट आवळला, साडेतीन लिटर मोजून ओतलं. इंजिन बंद असताना पट्टी बघितली. फुल.

गियर टाकला. गाडी जागेवरच. मग तोच झटका.

मी मिस्त्रीवर भडकलो. त्याला ट्रॅक्टरवाला म्हटलं, आणखीही काही म्हटलं. तो खड्ड्यातूनच बोलला, "माह्यावर काऊन गरम होऊन राहिले? मोजलं त तुमीच."

बायको पायरीवर बसून पुस्तक वाचत होती. ती म्हणाली, "यात लिहिलंय, इंजिन चालू ठेवून पट्टी बघायची. गाडी गरम असताना. बंद केलं की आतलं तेल खाली येतं आणि पट्टी खोटं सांगते."

गाडी दोन किलोमीटर फिरवून आणली. इंजिन चालू ठेवून पट्टी ओढली. टोकालाच जरासं ओलं होतं. मिस्त्री परत खाली गेला. तेल थंड करायला नेणाऱ्या नळीची पकड ढिली होती, तिच्याभोवती धूळ चिकटून काळी साय जमली होती. कित्येक महिने तेल तिथून झिरपत होतं. म्हणजे मुळात कमी असलेलं मी काटेकोर मोजलं आणि तितकंच कमी परत भरलं. असं माप कुणी मला दिलं असतं, तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

पकड आवळली. थोडं थोडं करत एक लिटरच्या वर तेल गेलं. बायको स्टिअरिंगवर बसली, गियर टाकला. गाडी गुपचूप पुढे सरकली, जसं काही झालंच नव्हतं.

"आधी गॅरेजवरून चल," मी म्हणालो. "त्याला दाखवू."

"तुम्ही दाखवा. आई जेवायची थांबली असेल," ती म्हणाली आणि गेली. मी खड्ड्याच्या काठावर, हातात तेलाचं फडकं.

"तुमाले कोन सोडन आता?" मिस्त्री हसत म्हणाला. मघाशी त्याला बोललो ते मी परत घेतलं नाही, त्यानेही मागितलं नाही. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो आणि त्याला मुद्दाम गॅरेजच्या रस्त्याने घ्यायला लावलं.

गॅरेजवाला बाहेरच उभा होता. "सेठ, गाडी किधर है?"

"नवेगाव गई है. घरवाली चला रही है."

 मी थांबलो नाही, मिस्त्रीला मोटारसायकल पुढे घ्यायला लावली.