रस्ता मळ्यापाशी का वळतो

नगरपालिकेत दोन गोष्टी कुणी न सांगता साचतात. नालीतला गाळ आणि किस्से! गाळ निदान पावसाच्या तोंडावर उपसतात तरी. किस्से तसेच राहतात. चार जुने सोबती चहाला बसले की एक जण एक काढतो, दुसरा म्हणतो, "अरे, हे तर काहीच नाही," आणि चहा गार होतो.

मी आमच्या गावच्या नगरपालिकेत ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे नकाशे काढायचे, रंगवायचे, गुंडाळून ठेवायचे. सगळे मला नकाशेबाबू म्हणत. गाव बुलडाणा जिल्ह्यातलं, मलकापूरहून एसटीनं तासाभराच्या आत येतं. नाव सांगत नाही. यातली अर्धी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांची पोरं नगरसेवक आहेत!

पण गावात कधी आलात तर नव्या वसाहतीकडे जाणारा रस्ता बघा. स्टँडपासून सरळ नाकासमोर जातो, आणि एका वांग्याच्या मळ्यापाशी आला की एकदम वळतो, पार वळसा घालून वसाहतीत शिरतो. का वळतो, याची गावात दहा कारणं सांगतात. कुणी म्हणतं खाली खडक लागला, कुणी म्हणतं देवस्थान होतं. काही नाही हो! मी तिथं हजर होतो.

*

महाराष्ट्र होऊन जेमतेम दहाएक वर्षं झाली असतील. नगररचनेचा नवा कायदा आला होता. प्रत्येक गावाचा विकास आराखडा, त्यात कुठं घरं, कुठं बाजार, कुठं शेती, सगळं रंगानं दाखवायचं. घरं पिवळी, शेती हिरवी.

आमचे अध्यक्ष आबासाहेब. अंगानं भरदार, आवाज असा की शेजारच्या खोलीत टाइपिस्ट दचकायचा. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हे हिरवं काय हाये बे?"

"मळे आहेत, साहेब. भाजीपाल्याचे."

"अन् पिवळं?"

"घरं."

"मंग यात काय अवघड हाये? हिरव्यावर पिवळा ब्रश मार!"

मी म्हटलं, "साहेब, हिरव्यावर पिवळा मारला तर पोपटी होतो."

आबासाहेब क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "होऊ दे. पोपटी घरं होतीन!"

त्यांना मी समजावलं, की रंग बदलायचा म्हणजे आधी सभेत ठराव, मग लोकांच्या हरकती, मग सुनावणी, मग नगररचना खात्याचे पुण्याचे साहेब जागा पाहणार, मग सरकार. आबासाहेब म्हणाले, "एवढ्यात तर मानूस घर बांधून मरते बी!"

तसं त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. गावात घरं खरोखरच कमी पडत होती. शाळामास्तर, बँकेतले कारकून एकेका खोलीत राहून राह्यले होते. पण खरी गोम अशी, की मळ्यांच्या पलीकडे आबासाहेबांचा स्वतःचा बाभळीचा माळ होता. तिथं प्लॉट पाडायचे तर सरळ रस्ता हवा. आणि सरळ रस्ता यमुनाबाईच्या मळ्यातून जात होता.

*

ठरावाची सभा मी विसरणार नाही. हिरवा पट्टा पिवळा करायचा, हा विषय चहाचे कप येईपर्यंत मंजूर झाला. पुढचा विषय होता वसाहतीला नाव काय द्यायचं, आणि त्यावर संध्याकाळ झाली! प्रत्येकाला आपल्या वडिलांचं नाव हवं. एका सदस्याचे वडील तर अजून जिवंत होते, बाहेर ओट्यावर बसून विडी ओढत होते. आबासाहेब म्हणाले, "अरे, त्याहिले आधी जाऊ तं दे!"

कोपऱ्यात एक वयस्क सदस्य झोपले होते. सभा संपता संपता ते जागे झाले आणि हात वर करून ओरडले, "माहा विरोध!"

सगळे चपापले. आबासाहेबांनी विचारलं, "कायले विरोध, काकाजी?"

"मले चहा नाई भेटला!"

चहा आणला. विरोध मागे घेतला गेला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

*

मग हरकती मागवायच्या. पेपरात नोटीस दिली, पण आमच्याकडे पेपर वाचणार कोण? म्हणून किसन शिपायाला डफडं देऊन दवंडीला पाठवलं. कायद्याची भाषा मी त्याला नीट पाठ करून दिली होती. किसननं ती पहिल्या चौकापर्यंत सांभाळली. दुसऱ्या चौकात कंटाळला, आणि तिथून पुढे गावभर ओरडत गेला, "ऐका हो ऐका! आबासायेब मळ्यात घरं बांधून राह्यले हो! ज्याची जे काही तक्रार असंन ते नगरपालिकेत येऊन सांगा हो!"

झालं! दुसऱ्या दिवशी पायरीवर जत्रा. एकाच्या नळाला पाणी नाही. एकाच्या शेजाऱ्याची शेळी भिंतीवर चढून मिरच्या खाते. एक म्हातारा आला, म्हणाला जावई दिवाळीला येत नाही. ओव्हरसियर बापूंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, याचा नकाशाशी काय संबंध?"

म्हातारा म्हणाला, "तुमी ऐकून राह्यले म्हून सांगून राह्यलो नं बाप्पा! रोज कोन ऐकते?"

त्या अख्ख्या गर्दीत जमिनीची हरकत घेऊन आलेलं एकच माणूस होतं. यमुनाबाई.

*

यमुनामावशी साठीच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन मुलं, दोन सुना, सगळी त्याच मळ्यात राबायची. डोक्यावरचं टोपलं खाली ठेवून ती माझ्या टेबलापुढे उभी राहिली. "बाबू, माही विहीर दाखव बरं याच्यात."

मी दाखवली. एवढासा गोल. त्याच्यावरूनच चाळीस फुटी रस्त्याच्या दोन रेघा गेलेल्या.

ती वाकून बघत राहिली, मग हसली. "रस्ता विहिरीवरून जाते? मंग गाड्या काय पोहत जातीन?"

बापू ओव्हरसियर मागून म्हणाले, "बाई, विहीर बुजवू. काळजी नको."

तिचं हसणं गेलं. पदर सारखा करत म्हणाली, "बुजवू? माह्या सासऱ्यानं अन् माह्या मालकानं खांदली हो ते. मी माती वायली. विहीर गेली तं मळा गेला. मळा गेला तं आमी काय प्लॉटावर वांगे लावाचे?"

त्या रेघा मीच मारल्या होत्या, सांगितल्या तशा. फार वाईट वाटलं.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. "काय झालं बाबू माह्या अर्जाचं?" म्हणायची, आणि जाताना टेबलावर काहीतरी ठेवायची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. बापूंच्या टेबलावरही ठेवायची! आमच्या घरी बायको एक दिवस म्हणाली, "तुमच्या त्या हरकती चालू राहू द्या बाई वर्षभर. भाजी काय सुंदर येऊन राह्यली!"

*

सुनावणी झाली. आबासाहेब मधल्या खुर्चीत. यमुनामावशी म्हणाली, "आबासायेब, घरं बांधा नं. मी कुठी नाई म्हणतो? मास्तर लोकाईले घरं पाह्यजेच. पन तुमचा बाभळीचा माळ हाये, तठी बांधा. अन् रस्ता पांदणीनं न्या. ते तं सरकारी हाये, गाडीबैल जातेच तठून."

बोलणं इतकं सरळ होतं, की दोन सदस्यांनी माना डोलावल्या. आबासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तशा माना थांबल्या.

"पांदणीनं वळसा पडते, यमुनाबाई."

"पडू द्या नं! वळशानं कोन मरते? मळा गेल्यावर आमी मरतो!"

आबासाहेब घोटभर पाणी प्याले. मग बापूंना म्हणाले, "लिहा. सदर जमीन पडीक. पाणी नाही. लागवडीच्या लायक नाही. हरकत फेटाळली."

बापूंनी लिहिलं. आणि ते लिहीत होते तेव्हा त्यांच्या खुर्चीला टांगलेल्या पिशवीतून त्याच पडीक जमिनीतल्या मेथीची जुडी बाहेर डोकावत होती! यमुनामावशीनं तिच्याकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं, टोपलं उचललं आणि गेली. मला तर तिथून उठून जावंसं वाटलं.

*

आता उरले पुण्याचे साहेब. सुनावणीचा कागद त्यांच्याकडे गेलाच होता; त्यांनी जागा पाहून शेरा मारला की संपलं. आबासाहेबांची जीप त्यांना घ्यायला मलकापूर स्टेशनावर गेली. साहेब उतरले ते हडकुळे, चष्मा, हातात उकळलेल्या पाण्याची बाटली. बोलणं असं, की दोन वाक्यं झाली की दिवसभराचा कोटा संपला. आबासाहेब वाटभर बोलत होते आणि साहेब वाटभर "हं" म्हणत होते.

बेत असा होता. जीप पलीकडून, बाभळीच्या बाजूनं न्यायची. साहेबांना माळ दाखवायचा, लांबूनच हात करून "हे सगळं असंच हाये" म्हणायचं, आणि तिथंच लिंबाखाली रोडग्याचं जेवण घालून गाडीत बसवायचं. मळ्याच्या बाजूला कुंपणाची दाट झुडपं होतीच.

गोवऱ्यांचे हारे पेटले, कणकेचे रोडगे त्यात भाजायला लागले. वरणाला फोडणी बसली. एवढ्यात आबासाहेबांनी वांग्याचं टोपलं पाहिलं आणि भडकले. "हे कुठचे वांगे?"

किसन म्हणाला, "बाजारातले, साहेब."

"कालच्या बाजाराचे? पाव्हण्याले शिळे वांगे? अरे, पुण्याचे लोक वांग्यात गूळ टाकते! आज त्याहिले समजलं पाह्यजे वांगं काय असते ते. जा, ताजे आन!"

"कुठून आनू?"

आबासाहेबांनी चुकचुकत झुडपांकडे मान केली. दुसरीकडे कुठं मिळणार होती!

किसनबरोबर मलाही पाठवलं. यमुनामावशी विहिरीवर होती. मोट नुकतीच सुटलेली, पाटात पाणी झुळझुळत होतं. किसन म्हणाला, "मावशी, वांगे पाह्यजे. पाव्हणे जेवाले आले."

"कोन पाव्हणे?"

"पुण्याचे साहेब. तुहा मळा सोडून बाकी सारं पाहाले आले!"

मावशी थांबली. मला वाटलं, आता ही हाकलून देणार. मी असतो तर निवडून किडकी दिली असती. तिनं हात धुतले, वाफ्यात शिरली आणि कोवळी, काटेरी देठाची, जांभळी वांगी एकेक पाहून तोडू लागली. टोपलं भरलं. वरून हिरव्या मिरच्या टाकल्या, सांभार टाकला.

मी म्हटलं, "मावशी, तुले राग नाही येत?"

"येते नं! लय येते. पन जेवाले आलेला मानूस, बाबू. त्याले का शिळं खाऊ घालता?" आणि मग डोळे पुसत म्हणाली, "खाऊ दे. पुढच्या साली कोनाले खाऊ घालतो मी?"

*

पंगत बसली. मधे साहेब, एका बाजूला आबासाहेब, एका बाजूला बापू. मी समोर. तुपात चुरलेला रोडगा, वर वरण, आणि पानात ती वांग्याची लालभडक भाजी. साहेबांनी आधी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. मग थोडी घेतली. मग चष्मा काढून बाजूला ठेवला, बाटलीतलं उकळलेलं पाणी तसंच राहिलं, आणि माणूस जेवायला लागला बाप्पा! कपाळाला घाम, नाकाला पाणी, तरी हात थांबेना. आबासाहेबांच्या तोंडावर असा आनंद, जणू स्वतःच्या पोराचा पहिला नंबर आला.

दुसऱ्यांदा भाजी घेताना साहेब त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "अध्यक्षसाहेब, पन्नास वर्षांत असं वांगं खाल्लं नाही. कुठलं हो हे?"

बापू हुशार. झटक्यात म्हणाले, "बाजारातलं, साहेब! मलकापूरचं!"

आबासाहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. चेहरा लाल झाला. मी समोरून मान हलवली, किसननं डोळे मिचकावले, पण ते कुणाकडे पाहतच नव्हते.

"मलकापूरचं?" ते गरजले. "काऊन खोटं बोलतं बे बापू? मलकापूरच्या वांग्याले हे चव येईन? साहेब, याचं ऐकू नका! हे आमच्या गावचं वांगं हाये. आत्ता घडीभरापूर्वी तोडलं!" आणि उष्टा हात लांबवून त्यांनी झुडपांपलीकडे दाखवलं. "हे काय, याच्या पल्याड मळा हाये. बारमाही विहीर! उन्हाळ्यात बी आटत नाई. त्या पाण्याचा गुनच असा हाये साहेब, दगड पेरला तं वांगं येईन!"

मग त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

बापू पानात बघत होते. किसन भाजीचं पातेलं घेऊन जागच्या जागी उभा.

साहेबांनी चष्मा उचलला, पुसायला धोतराचा सोगा नव्हता म्हणून रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि झुडपांच्या फटींतून दिसणाऱ्या हिरव्या रंगाकडे शांतपणे बराच वेळ पाहिलं. मग पान थोडं पुढे सरकवलं.

"आबासाहेब," ते म्हणाले, "त्या पडीक जमिनीतलं अजून एक वांगं वाढायला सांगा."