एका बॅचचं मागणं

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत माझी मावसबहीण रसायनतज्ज्ञ आहे. रक्तदाबाच्या गोळीतला मुख्य घटक तिथे बनतो. त्यातली एक पायरी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे चटकन उडून जाणाऱ्या एका विषारी द्रवात होते. तीच पायरी पाण्यात करण्याची रीत बहिणीने प्रयोगशाळेत बसवली होती. प्लांटमध्ये एक बॅच घेऊ द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

कंपनीच्या वृक्षारोपणाची बातमी करायला मी पेणहून गेलो. आधी बहिणीने प्लांट दाखवला. फिल्टरजवळ तो गोडसर वास थेट घशाशी आला. तिथे खांब गावचा एक ऑपरेटर उभा होता.

"वास? मला नाय येत आता," तो म्हणाला. "घरात सुकट भाजली तरी बायकोला विचारतो, काय गो, आज काय केलंस?" मग बहिणीकडे वळून, "मॅडम, तुमचा पाण्यातला माल आमच्याच शिफ्टला काढा हां."

रोपं लावून झाल्यावर मॅनेजरांच्या केबिनमध्ये चहा आला. पत्रकारासमोर नाही म्हणणं जड जाईल, असं वाटून बहिणीने तिथेच विषय काढला.

"मंजूर कागदांत सॉल्व्हंट आहे," मॅनेजर म्हणाले. "पद्धत बदलली की प्रत्येक देशात पुन्हा अर्ज. ग्राहक तोवर थांबेल?"

"विकायला नको, सर. फक्त चाचणी."

"आणि जमली तर? मग तुम्ही पुढचं मागणार."

"माणसं रोज हुंगतायत ते."

"मर्यादेच्या आत. बिस्कीट घ्या ना."

मला त्या बिस्किटाचीही किळस आली. निघताना त्यांनी छापील निवेदन दिलं: कंपनीत हरित रसायनशास्त्राचा अवलंब. सोबत रोप हातात धरलेल्या बहिणीचा फोटो.

मी रोपांपुरती चार ओळींची बातमी पाठवली. निवेदन कंपनीने परस्पर आमच्या पेपरच्या कार्यालयातही पोचवलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाखाली तेच छापून आलं, फोटोसकट. कात्रण प्लांटच्या दारावर लागलं.

ते वाचून ऑपरेटरने बहिणीला विचारलं, "म्हणजे चालू झालं ना, मॅडम?"

"नाही."

"मंग पेपरात तुमचाच फोटो कसा?"

तिने मला फोन करून दुरुस्ती मागितली. मी लिहून पाठवली. ती छापली गेली नाही आणि बॅचही निघाली नाही. ऑपरेटर तिला अजून नमस्कार करतो. विचारत काही नाही.