आठवी तोफ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर माझ्या दातदुखीपासून माझ्या स्वप्नांपर्यंत सगळं ठाऊक असतं. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. तोफेपासून करतो. तोफेबद्दल बोलायची मला कधी लाज वाटली नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिथपर्यंत मी किती वळसे घेऊन पोहोचेन, कोण जाणे.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी होतो. सरावलीत एका खोलीत एकटाच राहायचो. संध्याकाळी बाकीचे पत्ते कुटायचे आणि मी स्टोव्हवर शिसं वितळवून सैनिक ओतायचो. हसू नका – किंवा हसा, तेव्हाही सगळे हसायचेच. आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या सामंतांना त्यांच्या भावानं विलायतेहून नियमांचं एक पुस्तक पाठवलं होतं. टेबलावर लढाई खेळायची. पालघरला त्यांच्या घरी पिंगपाँगचं टेबल होतं. त्यावर खाकी चादर पसरायची, चादरीखाली जाडजूड पुस्तकं सारून डोंगर करायचे, पलटणी फूटपट्टीनं मोजून हलवायच्या आणि कोण मेलं ते फाशांवर ठरवायचं. दर रविवारी आम्ही चार घोडे त्या चादरीवर वाकून दुसरं महायुद्ध लढायचो.

माझ्याकडे तोफखाना होता. पंचवीस-पौंडी तोफा – महायुद्धात आपले गोलंदाज ज्या ओढत वाळवंटात हिंडले, त्या. बोटभर उंचीची माणसं, प्रत्येक तोफेला सहा. एक नेम धरणारा, एक गोळा भरणारा, एक हात वर करून हुकूम देणारा. सगळ्यांचे साचे मी स्वतः प्लास्टरमध्ये कोरले होते. बॅटरी म्हणजे आठ तोफा. आणि नियम असा, की आठ पूर्ण असतील तरच सगळ्यांचा एकत्र मारा करता येतो, एक जरी कमी असली तर प्रत्येक तोफ सुटी. माझ्या सात होत्या. वर्षभर सातच होत्या. सामंत मला ‘सातबारावाले’ म्हणायचे, आणि माझ्या सुट्या सुट्या तोफा दर रविवारी मार खायच्या.

आठवी अडली होती ती शिशापायी. पहिल्या पाच तोफा भंगारवाल्याकडच्या जुन्या केबलच्या शिशातून झाल्या, पुढं त्याच्याकडे ते येईना. सहावी आणि सातवी जगनमुळे झाल्या.

जगन माझ्याच टूलरूममधला, नवापूरच्या कोळ्याचा मुलगा. बापाची होडी होती, भाऊ नव्हता, पण ह्याला समुद्र लागायचा – होडीत पाय ठेवला की उलट्या. म्हणून कारखान्यात आला. माझा तो एकच खरा मित्र. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या बांधतात, जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून. जुन्या झिजलेल्या गोळ्या त्यानं मला दोनदा डबाभर आणून दिल्या. तिसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली. बघा, मागायची लाज वाटली!

त्याच वर्षी जगनचं लग्न झालं होतं. हिरावहिनी सातपाटीच्या. जगनच्या घरी जाळ्याला शिसं बांधायचं काम बायकांचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा जाळी दुरुस्त होतात, नारळी पुनवेआधी सगळं तयार लागतं. नव्या सुनेनं पहिल्या वर्षी एक अख्खं जाळं स्वतः बांधायचं आणि पुनवेनंतरच्या पहिल्या फेरीला तेच जाळं समुद्रात जायचं, अशी त्या घरची रीत. गोळीला आरपार भोक असतं, त्यातून दोरा ओवायचा आणि दोराला गाठ मारायची. अशा चारेकशे गाठी. वहिनी ते जाळं महिनाभर बांधत होत्या. मी रविवारी पालघरहून परतताना कधी तिकडे वाकडी वाट केली, तर त्या ओट्यावर तेच करत बसलेल्या असायच्या. जगनची आई बाजूला बसून नुसती बघायची, आणि काही बोलायची नाही, म्हणजे काम पसंत होतं.

आता तुम्हाला कळलंच असेल, मी काय केलं ते. पण मला ते माझ्या तोंडानं सांगू द्या.

पुनवेला तीन दिवस होते. माझी पहिली पाळी, जगनची दुसरी. दुपारी मी बोईसरहून बस पकडून नवापूरला गेलो. चोरी करायला गेलो होतो का? नाही. त्याच्या बापाला विचारावं, थोडं जुनं शिसं आहे का, एवढंच मनात होतं – निदान मी तरी तसंच समजत होतो. घर उघडं. बाप होडीला रंग लावायला गेलेला, सासू-सून सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात. आणि पडवीत जाळं, घडी घालून तयार. खालचा दोर एका अंगाला नीट रचलेला, गोळ्या ओळीनं.

येत्या रविवारी खेळ होता. मी खाली बसलो. खिशात टूलरूमची रेघा मारायची टोकदार सळई होती, ती नेहमीच असायची. दोरा कापला असता तर पाच मिनिटांत झालं असतं. पण मी कापला नाही. का, सांगू? जाळ्याची नासाडी नको म्हणून! मित्राच्या घरचं जाळं. मी एकेक गाठ सळईच्या टोकानं हलकेच मोकळी केली, गोळी काढली, दोराही ओढून घेतला आणि खिशात घातला. दोराला ओरखडा येऊ दिला नाही. एकाच टोकाच्या सलग एकवीस गोळ्या. गाठी भारी पक्क्या होत्या. माझ्यासारख्या सफाईनं काम करणाऱ्याला तास लागला, आणि त्या तासात मी त्या गाठींचं मनातल्या मनात कौतुकही केलं.

चारशेतल्या एकवीस गेल्या तर कुणाला कळणार, असं मला वाटलं. जाळ्यातलं मला काय कळत होतं?

आठवी तोफ झाली. रविवारी एकत्र मारा केला, सामंतांची अख्खी पलटण चादरीवरून उठवली, सगळ्यांनी पाठ थोपटली. आनंद झाला हो. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. तो सोमवारी सकाळपर्यंत टिकला.

सोमवारी जगन माझ्याच पाळीला होता. लेथ सुरू न करता नुसताच उभा राहिला. पहिल्या फेरीचं जाळं गुंडाळून वर आलं होतं. एका टोकाला शिसं नव्हतं, ते टोक प्रवाहानं उचललं, बाकीच्या जाळ्यावर पिळा बसला, सोडवता सोडवता फाटलं. वर्षाची पहिली फेरी, पहिली मासळी देवीला द्यायची असते, आणि होडी रिकामी आली. मी विचारलं, शिसं कसं गेलं? माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, हे मला आजही आठवतं. तो म्हणाला, गाठी सुटल्या. हिराच्या गाठी.

चोरी त्यांच्या मनातच आली नाही. त्या गावात दुसऱ्याच्या जाळ्याला कुणी हात लावत नाही. जाळी किनाऱ्यावर महिनामहिना उघडी पडलेली असतात. दोरा कापलेला असता, तर कुणीतरी कापलं हे पोरालाही कळलं असतं. पण दोर स्वच्छ होता. माझ्या सफाईमुळे त्या बाईवर आळ आला. कापला असता, तर ती सुटली असती.

तेव्हा का नाही बोललो? कितीदा विचारलंय मी स्वतःला. लेथचा आवाज होता, आजूबाजूला माणसं होती, मित्र आधीच खचलेला होता – ही सगळी कारणं मी पुष्कळ दिवस जपून ठेवली होती. ती कारणं नाहीत. माझी पाचावर धारण बसली होती, एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? जगनची आई घरातली सगळी जाळी पुढ्यात घेऊन, वहिनींनी मारलेली प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधत होती. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. मावशी – जगनच्या आईला मी मावशीच म्हणायचो – तशी बाई नव्हती. वहिनी मदतीला म्हणून सरकल्या, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “तू नको जाल्याला हात लावू.” वहिनी मागं सरकून भिंतीला टेकून बसल्या. ज्या बाईचे हात महिनाभर थांबलेले मी पाहिले नव्हते, ते हात मांडीत नुसते पडले होते.

मी चहा पिऊन घरी आलो.

नंतर मी एक शहाणपणा केला, तोही ऐका. आठवी तोफ मोडली. सहाही माणसं वितळवली, शिशाची लगड केली आणि जगनला नेऊन दिली – भंगारवाल्याकडे मिळालं म्हणून. वाटलं, ओझं उतरेल. त्याच्या बापानं माझे दोन्ही हात धरले. असा मित्र कुणाला मिळतो, म्हणाला. मला जेवायला वाढलं. ते मी जेवलो. रविवारी सामंतांना सांगितलं, आठवी तोफ हातातून पडून मोडली. खेळ पुढं वर्षभर चालला आणि सामंतांची बदली झाल्यावर बंद पडला. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

हे इथंच संपलं असतं, तर मी म्हटलं असतं, चोरी केली आणि भ्यालो. पुष्कळ लोक करतात. पण जे सांगायचंय ते हे नव्हेच. ते आता येतंय.

दीडेक वर्षानं मी एकदा गेलो, तेव्हा जगन दुकानावर गेला होता. वहिनींच्या कडेवर तान्ही मुलगी. त्यांनी पाणी आणून दिलं, आणि आत गेल्या नाहीत, दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुमी शिकलेली मानसं. एक इचारू? गाठ आपसूक सुटते का?”

त्या सांगत राहिल्या. दीड वर्ष त्यांच्या डोक्यात तेच होतं. दुपारी कुणी नसताना त्या दोऱ्याचा तुकडा घेऊन तीच गाठ मारायच्या, बादलीत बुडवून ठेवायच्या, ओढून बघायच्या. एकदाही सुटली नव्हती. आणि बाकीच्या पावणेचारशे गाठी तर समुद्रातून जशाच्या तशा वर आल्या होत्या. मग तेवढ्याच कशा सुटल्या, आणि त्याही एकामागोमाग एक? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, सोड आता. सासूला विचारायची सोय नव्हती. म्हणून मला विचारत होत्या.

त्या अगदी दाराशी येऊन पोहोचल्या होत्या हो. स्वतःच्या बुद्धीनं, एकटीनं. आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर सगळं त्यांच्या हातात होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता – नाही. नाही वहिनी, गाठ आपसूक सुटत नाही. मी केलं हेही सांगायची गरज नव्हती. नुसतं नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

मी म्हणालो, “सुटते, वहिनी. नायलॉन गुळगुळीत असतो.”

आणि थांबलो नाही. टूलरूमचं सगळं ज्ञान पणाला लावलं. नव्या रिळाचा पहिला दोरा जास्त निसरडा असतो, तुम्ही ते टोक नव्या रिळानं सुरू केलं असेल. बादलीतलं पाणी स्थिर, समुद्राचं हलतं, हिसक्यानं गाठ हळूहळू मागं सरकते. एक सरकली की शेजारचीवर ताण येतो, मग ओळच्या ओळ जाते. बोटांनी करून दाखवलं. मला इतकं सुरेख बोलता येतं, हे मलाच तोवर माहीत नव्हतं.

त्या ऐकत होत्या. नव्या रिळानं सुरू केलं होतं, म्हणाल्या. हो, केलं होतं खरं.

मग त्या आत गेल्या आणि मला ऐकू येईल अशा सरळ आवाजात सासूला म्हणाल्या, “आई, माजीच गाठ ढिली होती. भाऊजींनी समजावलं.” एवढ्या दिवसांत त्यांनी ते कधी कबूल केलं नव्हतं. गप्प बसल्या होत्या, पण कबूल केलं नव्हतं. मावशी उठली, तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. घरात दीड वर्षानं शांतता झाली. ती मी करून दिली.

त्यानंतर त्यांनी दोऱ्याचा तुकडा हातात घेतला नाही. मासळीची पाटी घेऊन बाजारात जायच्या, घर सांभाळायच्या, हसायच्याही. मी त्या घरी जात राहिलो. जगन पुढं माझ्या लग्नात दोन दिवस राबला.

त्यांची मुलगी सात-आठ वर्षांची झाली, तेव्हाची एक दुपार. पावसाळ्याचे दिवस, ओट्यावर जाळं पसरलेलं, मी चहा घेत बसलो होतो. पोरगी दोरा आणि शिशाची गोळी घेऊन आईकडे आली, शिकव म्हणून. वहिनींनी तिच्या हातातलं घेतलं नाही. तिला हळूच वळवून आजीकडे ढकललं.

“माज्याकडून नको शिकू,” त्या म्हणाल्या. “माजी गाठ टिकत नाय. इचार ना काकाला.”

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली.