साखरेचा साबण आणि आईचे हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

आमच्या कोपर गावातल्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ठाण्याला बी.एस्सी. केली आणि नव्वदनंतर डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये लागलो. माज होता मला. का नसावा? आई बाजारात मासळी विकायची, आणि मी साखरेपासून साबण बनवायचो!

म्हणजे ग्लुकोजला खोबरेलातलं तेलकट शेपूट जोडायचं. पाण्यात हे कण पुरेसे झाले की आपोआप घोळका करतात — शेपट्या आत, साखरेची डोकी बाहेर. मायसेल म्हणतात त्याला. मासळीचं तेल त्या घोळक्याच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. हे मी ओटीवर, शेजारणींसमोर आईला समजावलं.

"शेपट्या आत, तोंडं भाईर? म्हंजे आमी बाजारात बसतो तशाच की रं!" सगळ्या हसल्या.

मी तिला लॅबमधली बाटली दिली. साखरेचं आहे, हाताला लोण्यासारखं, म्हणालो.

आता — इथेच अडतं. बुरशी धरू नये म्हणून तो माल मुद्दाम धुण्याच्या सोड्यासारखा जहाल ठेवतात. वापरण्याआधी सायट्रिक ॲसिड घालून सौम्य करायचा असतो. मी केलाच नव्हता.

काही दिवसांत तिची बोटं सोलवटली, भेगा पडल्या.

"मासळीच्या बर्फानं खाल्लं रं हात."

मला बघताक्षणी कळलं होतं. पण शेजारणी बसल्या होत्या. मी म्हणालो — "हो, बर्फच."

दुसरं काही म्हणणं इतकं अवघड होतं?

बर्फ नको म्हणून तिने बाजार बंद केला. घरी बसून माझ्याच बाटलीतल्या साबणाने हात धूत राहिली — पोराचं औषध म्हणून! मी गुपचूप त्या बाटलीत ॲसिड घातलं. हळूहळू हात बरे झाले. तेव्हा तरी बोलायचं ना? ती गल्लीभर सांगत सुटली, "बर्फ सोडला, नि माझ्या पोराचा साबण लावला!"

तोवर बाजारातल्या तिच्या जागेवर दुसरी बसली होती. आई भांडलीसुद्धा नाही. दुपारी ओटीवर बसून परतणाऱ्या बायकांना भाव विचारायची, एवढंच.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी तिला लिंबाचं सरबत दिलं. तिने चमच्याने बर्फ काढला, हात न लावता, आणि माझ्या ग्लासात टाकला.

मी प्यालो.